कोतवाल बुकातल्या जुन्या जन्मनोंदी मोडीतून वाचून घेतल्या, त्या सेवेचा सविस्तर रिव्ह्यू

आमच्या घराण्याची वंशावळ नीट लावायचं काम सध्या माझ्याकडे आहे. त्यासाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढलेली कोतवाल बुकाची पानं मी एका मोडी वाचणाऱ्या ताईंकडून वाचून घेतली, त्या सेवेबद्दल लिहितेय. ताई खासगीत काम करतात, ओळखीतूनच कामं घेतात, त्यामुळे नाव-नंबर इथे टाकणार नाही. पण त्यांनी काम कसं केलं ते वाचलंत तर तुम्ही ज्या कोणाकडे पानं द्याल त्याच्याकडून काय मागायचं आणि काय मिळालं नाही तर थांबायचं एवढं नक्की कळेल. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

ज्यांनी नुकतंच हे सुरू केलंय त्यांच्यासाठी आधी थोडं. आज आपण ज्याला जन्मदाखला म्हणतो तो १९६९ च्या कायद्याखाली मिळतो आणि तो कायदा आपल्याकडे लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधी १८८६ चा एक कायदा होता पण त्यात नोंद करणं ऐच्छिक होतं. म्हणून पणजोबा-खापरपणजोबांच्या जन्मदाखल्याचा वेगळा कागद शोधत ट्रंका उपसत बसू नका, बहुतेक घरात तो कधी नव्हताच, असते ती गावच्या वहीतली एक ओळ. खेड्यात ही वही म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला सगळेच कोतवाल बुक म्हणतात. जुनी बुकं तालुक्याला तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, अर्ज करून नक्कल मिळते, आणि २०२३ मधे मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यानंतर जुन्या नोंदी शोधायचं जे मोठं काम झालं त्यात बऱ्याच जिल्ह्यांनी अशा पानांचे स्कॅन आपल्या वेबसाइटवर पण टाकलेत, आधी तिथे बघा.

पान हातात आलं तरी पुढचा प्रश्न तसाच राहतो, कारण ते बहुतेक वेळा मोडीत असतं. आणि मोडी म्हणजे नुसती वेगळी बाराखडी नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, वेलांटी एकच, उकार एकच, अनुस्वार बरेचदा दिलेलाच नसतो, आणि काना जोडून आला की अक्षराचा आकारच बदलतो. त्यात कोतवाल बुक लिहिणारा माणूस काही दरबारी कारकून नव्हता. त्यामुळे छापील मोडीचं पुस्तक घेऊन बसलेल्याला बाराखडी येते पण हे पान वाचता येत नाही, हा अनुभव बऱ्याच जणांना आला असेल.

आता सेवेबद्दल. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी सवयीने सांगायला लागले की आमचे पणजोबा अमुक, त्यांचे वडील तमुक, आडनाव हे, गाव हे. ताईंनी मला मधेच थांबवलं आणि म्हणाल्या, नावं नका सांगू, गाव आणि साल एवढंच सांगा, बाकी पानावर काय आहे ते मी बघते. मला तेव्हा ते जरा विचित्र वाटलं पण आज मला वाटतं की या संपूर्ण सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. कारण याआधी हीच पानं मी दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती, तिथे फॉर्मवरच सगळी नावं भरून घेतात आणि मग चार दिवसात सुबक टाइप केलेलं पान येतं ज्यात नेमकी तीच नावं असतात. आमच्या त्या पानात पणजोबांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं ओळीने होतं, घरात सगळे खूष झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं. तेच पान ताईंनी काहीही न सांगता वाचलं तर त्या ओळीत मुलाचं नाव नव्हतंच. आडनाव पण नव्हतं. फक्त तारीख, बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जात आणि मुलगा एवढंच. म्हणजे आधीच्यांनी रिकाम्या जागा आम्हीच पुरवलेल्या माहितीने भरल्या होत्या, आणि आम्ही तो पुरावा समजत होतो.

मी हे ताईंशी बोलल्यावर त्या म्हणाल्या की मुलाचं नाव नसणं हेच नेहमीचं आहे, असलं तर विशेष. विचार केला की पटतंच, बारसं बाराव्या दिवशी, नोंद सांगायला गेलेला माणूस त्याच्या आधी गेला असेल तर नाव येणार कुठून. आणि आडनावाचं म्हणाल तर त्या काळी गावात माणूस त्याच्या आणि बापाच्या नावाने ओळखला जायचा, वहीत अमुक बिन तमुक लिहिलं की काम झालं. बिन म्हणजे चा मुलगा, मुसलमान कुटुंबात वल्लद दिसतं, बाईच्या नावापुढे कोम किंवा भ्रतार आणि मग नवऱ्याचं नाव. हे शब्द माहीत नसलेला वाचक बिन सरळ नावात मिसळून टाकतो आणि मग वंशावळीत एक न जन्मलेला माणूस तयार होतो.

ताईंकडून जे हातात मिळतं त्याचे तीन भाग असतात. पहिल्यात ओळीला ओळ जसंच्या तसं बालबोधीत (आपल्या नेहमीच्या देवनागरीत), म्हणजे मूळ पानावर ओळ जिथे तुटते तिथेच यांची पण तुटते, ह्रस्व-दीर्घ सुधारत नाहीत, मौजेचं मौ॥ असेल तर मौ॥ च ठेवतात. दुसऱ्यात साध्या मराठीत अर्थ. आणि तिसऱ्यात त्यांच्या टिपा, ज्यात कुठलं अक्षर का असं वाचलं, कुठे दोन शक्यता आहेत, कुठे कागद फाटलाय हे सगळं. शंका असेल त्या शब्दाखाली त्या टिंबांची रेघ देतात आणि जे वाचताच येत नाही तिथे चौकोन काढून सोडून देतात. माझ्या एका पानावर असे बरेच चौकोन होते. पैसे देऊन चौकोन घेतले असं कोणाला वाटू शकतं, पण मला त्यामुळे बाकीच्या शब्दांवर विश्वास बसला.

अजून एक गोष्ट जी इतर कोणी मागितली नव्हती. त्यांना आपल्या नोंदीचा कापलेला फोटो चालत नाही, पूर्ण पान लागतं आणि जमलं तर मागचं-पुढचं पण. कारण एकाच हाताने लिहिलेलं पानभर असेल तर त्या माणसाचा र कसा आहे, त्याचा काना कुठे वळतो हे सोप्या शब्दांवरून पकडता येतं. तारखा, महिन्यांची नावं, मुलगा-मुलगी हे शब्द पानावर सारखे येतात, ते आधी वाचून त्या हाताची अक्षरं ओळखीची करून घ्यायची आणि मग नावांकडे जायचं, अशी त्यांची पद्धत. शिवाय गावाचं नाव आणि साल बरेचदा पानाच्या माथ्यावर एकदाच असतं, नुसती ओळ कापून पाठवली तर ती कुठल्या गावची कुठल्या वर्षाची हेच हातातून जातं. फोटो काढताना उजेड दिवसाचा घ्या, फ्लॅश नको, मोबाइल पानाला समांतर धरा, वहीच्या शिवणीकडचा भाग वेगळा जवळून काढा. आणि रेकॉर्ड रूममधे पूर्ण पानाचा फोटो काढू देत नसतील तर निदान माथ्याचा मजकूर स्वतः बघून लिहून आणा.

आता आमच्या खऱ्या अडचणीकडे येते. मुलाचं नाव नाही म्हटल्यावर ती नोंद पणजोबांची की त्यांच्या भावाची हे ठरवायचं कसं? बापाच्या नावावर त्या बुकांत मागेपुढे बऱ्याच वर्षांत अनेक नोंदी होत्या. इथे ताईंनी जे सुचवलं ते खरं तर मोडी वाचनाच्या पलीकडचं होतं. त्या म्हणाल्या जन्माच्या नोंदी एकट्या वाचू नका, त्याच बुकातल्या मृत्यूच्या नोंदी पण काढा, त्याच बापाची किती लेकरं लहानपणी गेली ते बघा, मग उरलेले किती आणि तुमच्या माहितीतले भाऊ-बहिणी किती ते जुळवा. आणि मुलांची नावं हवी असतील तर ती जन्माच्या वहीत नाही, वडील गेल्यानंतरच्या वारसाच्या नोंदीत मिळतील, म्हणजे तलाठी दप्तरातला गाव नमुना ६ आणि ६ क. तिथे मुलांची नावं असतात, मूल लहान असेल तर अज्ञान असं लिहून पालनकर्त्याचं नाव असतं. आम्ही ते काढलं आणि एकदम तीन भावांची नावं क्रमाने समोर आली. जमिनीचे कागद आपण फक्त वाटणी-भांडणासाठी काढतो, पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला जन्मनोंदीची जोड म्हणून याच्यासारखं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत झालंय.

नावांचा अजून एक गुंता आहे जो आपल्याकडे फारच जास्त. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव परत येतं, आणि आडनाव नसताना एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन जण वेगवेगळ्या पिढ्यांतले निघतात, सख्ख्या भावांची मुलं पण एकाच आजोबाच्या नावाची. ताई अशा वेळी प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक देतात आणि माणूस एकच आहे असं गृहीत धरत नाहीत, दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असं म्हणायचं तर दुसरा काहीतरी धागा पाहिजे, बापाचं नाव सोडून. आमच्याकडे तसं एक नाव होतं दगडू. ज्या घरात आधीची मुलं जगत नव्हती तिथे मुलाला दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवायचे, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. मृत्यूच्या नोंदीत दगडूच्या आधीची दोन भावंडं ओळीने सापडली तेव्हा ते नाव का ठेवलं असेल हे कोणी सांगायची गरज राहिली नाही, आणि तो धागा पण मिळाला.

मृत्यूच्या पानांबद्दल थोडं लिहायलाच हवं. कारणाच्या रकान्यात जे शब्द येतात ते आजच्या मुलांना कळत नाहीत, देवी म्हणजे स्मॉलपॉक्स, पटकी म्हणजे कॉलरा, ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेग. १८९६ मधे मुंबईत प्लेग सुरू झाला, तिथून पुढच्या वर्षांत गावोगावच्या बुकांत तो शब्द दिसायला लागतो. आणि १९१८ च्या ऑक्टोबरचं आमच्या गावचं पान मी ताईंनी वाचून दिलेलं बघितलं तर कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फक्त ताप, ताप, ताप. तो इन्फ्लुएंझाचा काळ, मुंबई इलाख्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमधे सगळ्यात जास्त माणसं गेली. आमच्या घरातली एक बाई त्याच पानावर आहे. तिचं स्वतःचं नाव नोंदीत आहे हे बघून मला खूप बरं वाटलं, कारण जन्माच्या एकाही नोंदीत आईचं नाव नव्हतं, माझ्या पानांपुरतं तरी ज्या बाईने जन्म दिला तिचा उल्लेखच नाही. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडलांच्या आधी आईचं नाव लावायचा शासनाचा नियम झालाय, शंभर वर्षांनी आपल्या नोंदी शोधणाऱ्यांना ही अडचण कमी येईल.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो मात्र वेगळ्याच प्रश्नाने. आम्हाला पणजोबांची जन्मनोंद गावच्या बुकात सापडतच नव्हती, दोन्ही भावांची होती, त्यांची नाही. आधीच्या ठिकाणी भावाचीच नोंद त्यांची म्हणून दिली होती हे तोवर लक्षात आलं होतं. ताईंनी विचारलं, थोरले कोण? मी म्हटलं पणजोबाच थोरले. तर म्हणाल्या, मग आजोळच्या गावचं बुक बघा, पहिलं बाळंतपण माहेरी. इतकी साधी गोष्ट, प्रत्येक मराठी घरात आजही चालू असलेली, आणि घरातल्या कोणाला सुचली नव्हती. पणजोबांचं आजोळ कुठलं हे फक्त आमच्या थोरल्या आत्यांना माहीत होतं. त्या गावचं, त्या सुमाराच्या वर्षांचं बुक काढलं आणि एका पानावर बापाचं नाव, आजोबांचं नाव आणि राहणार म्हणून आमच्या गावचं नाव असलेली ओळ मिळाली, मुलगा. मला तर ते पान बघून रडूच आलं. ताईंनी टिपेत काय लिहिलं होतं सांगू? जुळते आहे, परंतु नाव नसल्याने निश्चित म्हणता येत नाही, आणखी एक आधार पाहावा. मला तेव्हा ते जरा कोरडं वाटलं पण त्यांचं बरोबर होतं.

तो आधार घरातच निघाला. जुन्या कागदांत एक जन्मटिपण होतं, अर्धं फाटलेलं, त्यावर शके आणि तिथी. शकाचा शेवटचा आकडा १ की ९ हे कळत नव्हतं, म्हणजे १८११ किंवा १८१९. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं, पौषातला काही भाग ते फाल्गुनात जन्म असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष पुढे गेलेलं असतं. म्हणजे १८८९ की १८९७, आठ वर्षांचा फरक, आणि त्याच्यावर सगळं अवलंबून. ताईंनी आकड्याकडे बघितलंच नाही, पुढचा शब्द वाचला, विरोधी नाम संवत्सरे. संवत्सरं साठ असतात आणि ठरलेल्या क्रमाने फिरतात, शके १८११ ला विरोधी येतं आणि १८१९ ला हेमलंबी, म्हणजे १८११ च. महिना श्रावण, पक्ष वद्य, म्हणजे १८८९ चा पावसाळा, आणि आजोळच्या बुकातली तारीख त्याच दिवसांतली. वार पण टिपणात होता, तो जुन्या पंचांगावरून ताडून बघितला, जुळला. तुमच्याकडे असं टिपण असेल तर आकडा फाटलाय म्हणून टाकून देऊ नका, संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र यातलं जे उरलं असेल त्यावरून बरंच काढता येतं.

बुकातली तारीख आणि टिपणातली तारीख यात दोन-चार दिवसांचा फरक मात्र राहिला. ताईंचं म्हणणं की टिपण जास्त भरवशाचं, कारण ते जन्मवेळ बघून मांडलेलं असतं, आणि बुकात कोणीतरी जाऊन सांगितलेली गोष्ट लिहिलेली असते, सांगणारा मामा असेल, शेजारी असेल, त्याने काल म्हटलं की परवा म्हटलं आणि लिहिणाऱ्याने नोंदवल्याचा दिवस लिहिला की जन्माचा, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली तारीख तर तिसरीच होती, १ जून. ती कोणीच खरी धरू नये. शाळा जूनमधे उघडायची, मुलाचं वय अंदाजाने धरून गुरुजी १ जून टाकायचे, आपल्या आजोबांच्या पिढीत किती जणांचा वाढदिवस १ जून आहे ते मोजून बघा. पण शाळेच्या रजिस्टरचा दुसरा उपयोग आहे, तिथे मुलाचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव तिन्ही एकत्र असतात, त्यामुळे नुसत्या मुलगा लिहिलेल्या ओळीला नाव चिकटवायला तो कागद लागतोच.

मराठवाड्यातल्या लोकांनी एक लक्षात ठेवा, ताई फक्त मोडी वाचतात, उर्दू नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत तिकडे निजामाचं राज्य, त्यामुळे जुने कागद बरेचसे उर्दूत आणि वर्ष फसली सनाचं, म्हणजे तिकडच्या महसुली कालगणनेचं. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, वर्षाच्या कुठल्या भागातला कागद आहे त्यावर. माझ्या मावसबहिणीच्या सासरचे कागद तसे होते, ताईंनी स्वच्छ सांगितलं की हे माझं काम नाही, उर्दू दप्तर वाचणाऱ्याकडे जा, आणि त्या पानांचे पैसे पण घेतले नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना त्यांचा सल्ला असा की हेळवी (पिढ्यान्पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगणारे) येत असतील तर त्यांच्या चोपडीतली वंशावळ उतरवून घ्या, तसंच त्र्यंबक-नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा, तिथे घराण्यातलं कोणी यात्रेला गेलं असेल तर गाव, नाव, भाऊ, मुलं असं सगळं लिहून घेतलेलं असतं. पण या वह्यांतली नावं सरकारी नोंदीशी ताडूनच घ्यायची.

आता अर्धा गुण. एक तर वेळ खूप लागतो, पानं दिल्यावर आठवडे जातात आणि मधे फोन केलेला त्यांना आवडत नाही. दुसरं, सगळं हाताने लिहून त्याचे फोटो पाठवतात, अक्षर सुरेख आहे पण ते आपल्याला परत टाइप करावं लागतं, नाव शोधायचं झालं तर सर्च करता येत नाही. एवढ्या कष्टाने केलेलं काम नुसत्या फोटोत राहू नये असं मला फार वाटतं, मी त्यांना तसं सांगितलंय, माझी भाची त्यांना टाइप करून द्यायला तयार पण आहे. दर पानावर आहे, फाटकं किंवा फिकट पान असेल तर जास्त, आणि आधीच्या ठिकाणापेक्षा महागच पडलं. पण तिथलं स्वस्त पान आम्हाला शेवटी फेकून द्यावं लागलं तेव्हा महाग-स्वस्त कशाला म्हणायचं ते बघा.

ज्यांना हे सरकारी कामासाठी हवंय, पडताळणी वगैरे, त्यांनी आधी त्या कार्यालयात विचारा की लिप्यंतर कोणाचं चालतं, प्रमाणित वाचकाचं लागतं का. ताईंनी मला पहिल्याच फोनवर विचारलं होतं की घरासाठी हवंय की ऑफिसात द्यायचंय, कारण त्यांचं काम मुख्यतः पहिल्या प्रकारचं आहे.

आणि शक्य असेल तर थोडी मोडी स्वतः शिका, हे ताईंचंच म्हणणं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ पण घेतं. पूर्ण पान वाचता नाही आलं तरी चालेल, आपल्या गावाचं नाव, आपल्या घरातली चार-पाच नावं, महिने आणि आकडे एवढं ओळखता आलं तरी रेकॉर्ड रूममधे बुक चाळताना कुठल्या पानावर थांबायचं हे कळतं, नाहीतर सगळं बुकच वाचायला द्यायची वेळ येते. मी सुरू केलंय, आकडे आणि महिने आता अडत नाहीत. आजोळच्या गावची अजून दोन वर्षांची पानं या महिन्यात त्यांच्याकडे देतेय, पणजोबांच्या आईची जन्मनोंद शोधायची आहे आणि तिचं माहेरचं नाव अजून आम्हाला माहीत नाही. कोणाच्या घरात सासरी गेल्यावर नाव बदललेल्या बाईचा माग लागला असेल तर कुठल्या कागदावरून लागला ते प्लीज खाली लिहा.